इनटेक व्हॉल्व्हची वेळ आणि पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पाठ्यपुस्तकांतील ऑटो चक्राच्या आदर्श आकृतीत पिस्टन तळाशी पोहोचताच इनटेक व्हॉल्व्ह बंद होतो. प्रत्यक्ष पेट्रोल इंजिनात मात्र तो त्यानंतरही काही काळ उघडा असतो. या फरकामागे शतकभराचा इतिहास दडलेला आहे. व्हॉल्व्हच्या वेळेचे तत्त्व ज्ञात असूनही त्याचा लाभ आपल्या रस्त्यांवर इतक्या उशिरा का पोहोचला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तत्त्व

इंजिनाच्या फेऱ्या अधिक असताना आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःचा वेग असतो. पिस्टन वर वळला तरी ते सिलिंडरमध्ये शिरत राहते. म्हणून व्हॉल्व्ह उशिरा बंद केल्यास भरणा वाढतो. कमी फेऱ्यांवर मात्र हाच उशीर मिश्रणाला पुन्हा नळीत ढकलतो, प्रत्यक्ष संपीडन घटते आणि ओढ कमी पडते. इनटेक व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे राहिल्यास जळालेल्या वायूचा अंश सिलिंडरमध्ये उरतो. हा अंश आयडलिंगला ज्वलन अस्थिर करतो. मात्र मध्यम भारावर तोच तापमान उतरवून नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण घटवतो. सारांश, सर्व वेगांना सारखीच योग्य ठरेल अशी एक वेळ नसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

निकोलाउस ऑटोचे चार फेरी इंजिन 1876 मध्ये अवतरले. त्यानंतरच्या अनेक आरंभीच्या मोटारींत इनटेक व्हॉल्व्ह केवळ सिलिंडरच्या शोषणाने उघडत असे. पुढे कॅमशाफ्टने त्याची वेळ निश्चित केली आणि ती कायमची बांधलीही गेली. दरम्यान, जेम्स अ‍ॅटकिन्सन याने 1880 च्या दशकातच संपीडनापेक्षा प्रसरण दीर्घ ठेवून अधिक काम मिळवता येते, हे दाखवून दिले होते. त्याची जोडदांड्यांची रचना गुंतागुंतीची असल्याने ती मोटारींत रुजली नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीत 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन होते. त्याचे मूळ रूप फियाटने 1937 मध्ये आणले होते. पुशरॉडने चालणाऱ्या या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ अचल होती. तुळजापूरचा घाट चढताना अशा गाडीच्या चालकास खालचा गिअर टाकून फेऱ्या वाढवाव्या लागत. वेळ इंजिनाला जुळत नसल्याने चालकच इंजिनाला त्या वेळेशी जुळवून घेत असे. बंदिस्त बाजारपेठेत हे इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकले. मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप घेऊन गेली.

परिवर्तन

अल्फा रोमिओने 1980 मध्ये बदलती वेळ असलेली मोटार बाजारात आणली. होंडाची व्हीटेक पद्धती 1989 मध्ये आली. 1997 च्या टोयोटा प्रियसने इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद करून अ‍ॅटकिन्सनचे तत्त्व साध्य केले. उशिरामुळे घटलेली ओढ विद्युत मोटारीने भरून काढली. याच वाटेने पुढील प्रियसच्या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता 40 टक्क्यांपर्यंत नेल्याचे टोयोटाने 2015 मध्ये जाहीर केले. भारतात 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 या निकषांनी उत्सर्जनाची मर्यादा अधिक कडक केली, तेव्हा व्हॉल्व्हच्या वेळेवरील नियंत्रणाचे मोलही वाढले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, तत्त्व शंभर वर्षे आधी ज्ञात होते. उणीव होती ती सोप्या नियंत्रणसाधनांची आणि इंधनबचत व उत्सर्जन यांविषयीच्या सामाजिक आग्रहाची. अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, आदर्श ऑटो चक्रासोबत प्रत्यक्ष इंजिनाची व्हॉल्व्ह टायमिंगची आकृतीही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. तसेच धाराशिवसारख्या जिल्ह्यात टायमिंगच्या खुणा जुळवून जुनी इंजिने चालती ठेवणाऱ्या गॅरेजमधील कारागिरांचे ज्ञान महाविद्यालयांनी वेळीच नोंदवून घ्यावे. ती इंजिने रस्त्यावरून जात आहेत. त्यांच्यासोबत ते ज्ञानही जाऊ नये.