आगरकर, गोपाळ गणेश

(१४ जुलै १८५६ – १७ जून १८९५). महाराष्ट्रातील बुद्धिवादी समाजसुधारक, संपादक व विचारवंत. जन्म कराडजवळच्या टेंभू या गावी, गरीब कुटुंबात. डेक्कन कॉलेजात इतिहास व तत्त्वज्ञान घेऊन ते एम.ए. झाले. पुढे ‘केसरी’ वृत्तपत्राचे पहिले संपादक (१८८१), कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात लोकमान्य टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस (१८८२), १८८८ मध्ये ‘सुधारक’ या वृत्तपत्राची स्थापना आणि १८९२ पासून अखेरपर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद.

मिल व विशेषतः स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या वाचनातून त्यांनी उत्क्रांतितत्त्व उचलले आणि ते थेट इथल्या रूढींना लावले. ‘देवतोत्पत्ति’ हा निबंध त्याचा उत्तम नमुना. आदिमानवाला स्वप्नात मेलेली माणसे दिसतात. त्यातून देहावेगळ्या आत्म्याची कल्पना निघते, मग भुतेखेते, पितर आणि शेवटी देव, अशी पायरीपायरीने ते मांडणी करतात. देवकल्पनाच जर कालक्रमाने घडलेली, तर बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद यांना सनातन कसे म्हणायचे, हा त्यांच्या एकूण लेखनाचा रोख आहे. मराठीत इतक्या निर्भयपणे हा प्रश्न त्यापूर्वी क्वचितच कोणी विचारला असेल.

तरीही ते स्पेन्सरचे नुसते अनुयायी नव्हते. समाजव्यवहारात सरकारने हात घालू नये, असे स्पेन्सरचे मत. आगरकरांनी मात्र मुलींच्या शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला उघड पाठिंबा दिला. समाज आपोआप सुधारेपर्यंत कोवळ्या मुलींनी सोसत राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. या भूमिकांपायी सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याच्या विकाराने पुणे येथे त्यांचे अकाली निधन झाले.