पेशींची दोन घराणी

दह्याचे विरजण, हरभऱ्याच्या मुळावरची गाठ आणि बांधावरचा आंबा, या तिन्ही ठिकाणी जीव नांदतो. पण विरजणातले नि गाठीतले जंतू एका घराण्याचे, आंबा दुसऱ्या. तुम्हीआम्हीही आंब्याच्याच घराण्यातले! हा भेद नीट उमगायला माणसाला सुमारे तीनशे वर्षे लागली.

१६६५ साली इंग्लंडात रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांनाच आपण पेशी म्हणतो. पुढे १६७६ मध्ये हॉलंडातल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने मिरे भिजवलेल्या पाण्यात अतिसूक्ष्म जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनला वनस्पतींच्या पेशींत एक गोल ठिपका आढळला. त्याने त्याला केंद्रक म्हटले.

मग जंतूंच्या पेशीत हे केंद्रक असते काय? १९२५ साली शातों या फ्रेंच शास्त्रज्ञाने केंद्रक नसलेले आणि केंद्रक असलेले अशी दोन वेगळी नावे सुचविली. पण १९६२ मध्ये स्टॅनियर व व्हान नील यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पुराव्यानिशी हा भेद स्पष्ट मांडला, तेव्हा कुठे तो रुळला. मराठीत या पेशींना आदिकेंद्रकी व दृश्यकेंद्रकी म्हणतात.

दृश्यकेंद्रकी पेशी म्हणजे चौसोपी वाडा समजा. वंशाचे दस्तऐवज, म्हणजे डीएनए, केंद्रकाच्या बंद खोलीत. ऊर्जेची चूल तंतुकणिकेत. झाड असेल तर अन्न शिजवायला हरितलवके. आदिकेंद्रकी पेशी म्हणजे एकखणी झोपडी. दस्तऐवज उघड्यावरच, आणि सारा संसार त्याच खणात. आकारही सहसा दहापट लहान. आणि गंमत पाहा, वाड्यातली ती चूलसुद्धा मूळची एका झोपडीवाल्याचीच! तंतुकणिका पूर्वी स्वतंत्र जंतू होत्या, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नेटाने मांडले आणि ते पुढे मान्य झाले.

याचा आपल्याला उपयोग काय, असे कोणी विचारील. १९२८ साली फ्लेमिंगला सापडलेले पेनिसिलिन जंतूला पेशीची भिंत धड बांधू देत नाही. आपल्या पेशींना तसली भिंतच नाही. म्हणून जंतू मरतो, रोगी वाचतो. गजकर्णाची बुरशी मात्र आपल्याच घराण्यातली. तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. सर्दीचा विषाणू तर पेशीच नव्हे. तेव्हा शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. रोग कोणत्या घराण्याचा, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.