सक्ती, स्वेच्छा आणि वेठ



सैन्यभरती सक्तीची असावी की ऐच्छिक, हा प्रश्न आपल्याकडे दिवाणखान्यात फार लवकर सुटतो. कुणीतरी म्हणतं, "प्रत्येक पोराला दोन वर्षं लष्करात पाठवा, सरळ होतील." दुसरा इस्रायलचं उदाहरण देतो. तिसरा मान डोलावतो, तेवढ्यात चहा येतो आणि प्रश्न मिटतो. पाठवायचं कुणाच्या पोराला, एवढं मात्र बोलायचं राहून जातं. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

माझा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे शब्दाचा अर्थ विचारायची खोड आहे. पण 'सक्ती' आणि 'स्वेच्छा' यांचे अर्थ कोशात पाहून कळत नाहीत, त्यासाठी इतिहासात जावं लागतं.

सुरुवात फ्रान्सपासून करू. आधुनिक सक्तीच्या भरतीचा उगम सहसा २३ ऑगस्ट १७९३ च्या फ्रेंच फर्मानात सांगतात. राजा गेला होता, प्रजासत्ताक आलं होतं आणि चहूबाजूंनी शत्रू चालून येत होते. फर्मानाने सगळ्यांना कामं वाटून दिली. तरुणांनी लढायचं, विवाहितांनी शस्त्रं घडवायची, स्त्रियांनी तंबू आणि कपडे शिवायचे, म्हाताऱ्यांनी चौकात बसून लोकांना धीर द्यायचा. (म्हणजे माझ्यासारख्यांचीही सोय होती!) अठरा ते पंचवीस वयाच्या अविवाहितांनी आधी निघायचं होतं, आणि कुणालाही आपल्याऐवजी दुसरा माणूस पाठवता येणार नव्हता. हे कलम लक्षात ठेवा. यामागचा विचार असा, की देश आता राजाचा नाही, आपला आहे, तर राखायचाही आपणच. सगळ्यांना तो पटला असं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हांदे प्रांतातले शेतकरी भरतीविरुद्ध बंड करून उठले होते. तरीही नागरिकत्व आणि सैनिकत्व यांची गाठ तिथे पडली. पुढे नेपोलियनच्या काळात पैसे देऊन बदली माणूस पाठवायची वाट मोकळी झाली आणि ती गाठ सैल पडली.

ती किती सैल पडू शकते, हे अमेरिकेत दिसलं. यादवी युद्ध चालू असताना मार्च १८६३ मध्ये उत्तरेकडच्या सरकारने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. वीस ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांची नावं चिठ्ठीत जायची. मात्र ज्याच्याकडे ३०० डॉलर असतील त्याने ते भरून सुटावं, किंवा बदली माणूस द्यावा. ३०० डॉलर म्हणजे साध्या मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. दक्षिणेतही तीच तऱ्हा. वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला सूट होती. जुलैमध्ये न्यूयॉर्कला चिठ्ठ्या निघाल्या आणि शहर पेटलं. चार दिवसांच्या दंगलीत शंभरावर माणसं मेली. आणि राग निघाला कुणावर? बऱ्याच अंशी कृष्णवर्णीयांवर. त्यांच्या अनाथ मुलांचं वसतिगृह जाळलं गेलं. कायद्यातल्या अन्यायाची किंमत शेवटी सर्वांत दुबळ्या माणसाने मोजली.

शंभर वर्षांनी व्हिएतनामच्या वेळी ३०० डॉलर नव्हते, पण कॉलेज होतं. विद्यार्थ्याला भरतीतून मुदतवाढ मिळे, आणि कॉलेजात कुणाची मुलं जात हे सांगायला नको. ओरड झाली तेव्हा डिसेंबर १९६९ मध्ये जन्मतारखांची सोडत काढली. पाठोपाठ १९७० मध्ये गेट्स आयोगाने सांगितलं, सक्ती बंद करा. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन या आयोगावर होते. त्यांचं म्हणणं असं, की सक्तीची भरती हा तरुणांवर बसवलेला छुपा कर आहे. सैनिक हवा तर त्याला योग्य मोल द्या. १९७३ मध्ये अमेरिकेत सक्ती संपली.

मग स्वेच्छा आली म्हणजे न्याय आला का? याचं उत्तर शोधायला आपल्याच देशात यावं लागतं.

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने भारतीयांवर लष्करी सक्तीचा कायदा केला नाही. गंमत अशी, की १९१७ च्या कायद्याने देशांतर्गत संरक्षणदलातली सेवा सक्तीची केली ती इथल्या युरोपियनांना! भारतीयांसाठी सगळं ऐच्छिक. आता जमिनीवर पाहा. लढाऊ भरतीतले निम्म्याच्या आसपास जवान एकट्या पंजाबातून आले. तिथे ओडवायर हे लेफ्टनंट गव्हर्नर होते. जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला आकडे ठरवून दिले जात. माणसं आणून देणाऱ्या गावप्रमुखाला जमीन, किताब मिळे. न देणाऱ्याच्या मागे चौकश्या आणि खटले लागत. १९२० साली काँग्रेसच्या चौकशी समितीने हे सारं नोंदवलं. कागदावर प्रत्येक शिपाई स्वेच्छेने आलेला होता. पण नाही म्हणण्याची किंमत जिथे घर आणि जमीन असते, तिथल्या होकाराला स्वेच्छा म्हणायचं का?

१९१८ मध्ये भरतीची हाक आली तेव्हा लोकमान्यांनी दुसरं टोक पकडलं. हिंदी माणसाला अधिकारपद मिळेल असं आश्वासन सरकारकडून आणा, महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, असं त्यांनी गांधीजींना कळवलं आणि हमी म्हणून पन्नास हजारांचा चेकही पाठवला. मदत करायची तर सौदा नको, असं म्हणून गांधीजींनी तो परत केला. दोघांत बरोबर कोण, यावर आपण तासभर भांडू शकतो. पण टिळकांनी मांडलेला हिशेब विसरता येणार नाही. रक्त मागता, तर अधिकार द्या.

या हिशेबाची आणखी एक बाजू महाराष्ट्राने सोसली आहे. 'लढाऊ जाती'ची कल्पना रूढ झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१७ मध्ये सरकारला माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यासाठी डॉ. आंबेडकरांना पाठपुरावा करावा लागला. म्हणजे पंजाबच्या गावात माणूस नको म्हणत होता आणि त्याला ओढलं जात होतं. इथे माणूस येतो म्हणत होता आणि त्याला दार बंद होतं. व्यवस्था एकच, नाव 'ऐच्छिक'!

हे सगळं पाहिलं की आपल्या राज्यघटनेचं तेविसावं कलम किती विचारपूर्वक लिहिलंय ते कळतं. पहिल्या भागात वेठबिगारीला बंदी आहे. लगेच दुसऱ्या भागात म्हटलंय, की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकेल, मात्र तसं करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. वेठ आणि सेवा यांच्यातली रेघ घटनाकारांनी इथे ओढली. सक्ती सगळ्यांवर सारखी असेल तर ती सेवा होऊ शकते. ठरावीक माणसांच्याच वाट्याला आली, तर ती वेठ.

आता आजचा प्रश्न. भारतात सक्ती आणावी का? माझं उत्तर, नाही. आणि कारण साध्या गणिताचं आहे. आपल्याकडे दरवर्षी अठरा पूर्ण करणारे मुलगेच एक कोटीच्या वर असतात. अग्निपथ योजनेत २०२२ साली पहिल्या वर्षासाठी जाहीर झालेला भरतीचा आकडा होता ४६ हजार. म्हणजे सक्ती केली तरी शेकड्यांतून एखादाच घ्यावा लागणार. बाकीचे सुटणार. आता कोण सुटेल, हे न्यूयॉर्कच्या मजुराला विचारा! १९६२ नंतर कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. नुसती कवायत सगळ्यांकडून करून घेणं अवघड गेलं, तिथे सीमेवरच्या सेवेची काय कथा?

पण 'ऐच्छिक' म्हटलं की आपण मोकळे, असंही नाही. साताऱ्यातलं आपशिंगे गाव 'मिलिटरी आपशिंगे' म्हणून ओळखलं जातं. त्या गावाचा अभिमान खरा आहे, त्याला मी हात लावणार नाही. पण दुष्काळी तालुक्यातला पोरगा पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो, तेव्हा त्याच्या मनात देशप्रेम असतं, आणि घरची दीड एकर कोरडवाहूही असते. दोन्ही खरं. त्याची स्वेच्छा खरी ठरवायची, तर त्याच्यापुढे दुसरीही एक बरी वाट असली पाहिजे. आणि तो आलाच, तर परतल्यावर त्याचं काय, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. अग्निपथमध्ये चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात, बाकीच्यांना पेन्शन नाही. योजनेच्या बाजूने बोलणारे सैन्य तरुण राहील, खर्च आटोक्यात राहील असं सांगतात, त्यात तथ्य असेल. पण टिळकांचा हिशेब इथेही मांडावा लागेल.

तेव्हा सक्ती की स्वेच्छा, हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आधी विचारायचं, सुटका कुणाला आहे? नाही म्हणणाऱ्याला काय गमवावं लागतं? आणि युद्ध हवं म्हणणाऱ्यांच्या घरातून कोण जातं? या सभागृहात आपण दोनअडीचशे माणसं असू. आपल्यापैकी किती घरांतलं कुणी आज सैन्यात आहे, याचं उत्तर मला हात वर करून नको आहे. मनातल्या मनात द्या, आणि पुढच्या वेळी दिवाणखान्यात दुसऱ्याच्या पोराला सीमेवर पाठवण्याआधी ते आठवा.