पावसाळा, बंदूक आणि होळकरांचा माळवा

दसऱ्याला आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून शस्त्रपूजा होते. आता पाटावर बहुधा घरातल्या सुऱ्या, कात्र्या, पाना-पक्कड आणि फार तर एखादी जुनी तलवार असते. सीमोल्लंघन म्हणून सोने लुटून आपण घरी परततो. पण मोहिमेला निघायचा दिवस दसराच का, हा प्रश्न मुलांनी विचारला तर आपण रामाचे आणि पांडवांचे दाखले देऊन थांबतो. त्याचे व्यवहारातले उत्तर पावसात आहे. नद्या उतरल्याशिवाय फौजा हलत नसत, बैलांना चारा मिळत नसे, आणि तिसरी गोष्ट म्हणजे दारू कोरडी राहत नसे. ही दारू अर्थातच बंदुकीची! या लेखात आम्ही मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीविषयी सांगणार आहोत, कारण होळकरशाहीच्या एका मोठ्या विजयाचा अर्थ तिच्यामुळे अधिक स्पष्ट होतो.

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. सोरा नीट शुद्ध केला नसेल, त्यात मिठाचा अंश राहिला असेल, तर ती हवेतली ओल फार लवकर शोषते. शिवाय जुनी बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची, मग नळीच्या बुडाशी असलेल्या कानाजवळ रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, घालायची. तोड्याच्या बंदुकीत ही रंजक पेटवायला जळती वात लागे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. दोन्हींत रंजक जवळजवळ उघड्यावरच. पावसाची सर आली की वात विझायची, गारगोटी ओली व्हायची आणि रंजकेचा चिखल व्हायचा. शिपाई शूर असो की भित्रा, त्याच्या हातात मग लाकडी दांड्याची एक लोखंडी नळी तेवढी उरायची.

आपल्या पूर्वजांना हे पुरते ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांची व्यवस्था सांगताना दारूखान्याविषयी बारकाईने सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारू जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी, तिला ओल लागू देऊ नये, हवालदाराने ठरावीक दिवसांनी येऊन ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने मेणाने भरावेत आणि वर आडोसा उभारावा, हेही सांगितले आहे. शिवशाहीचा अनुभव घेतलेल्या माणसाने अठराव्या शतकाच्या आरंभी लिहवलेला हा ग्रंथ. राजनीती म्हणून आपण तो वाचतो, पण घरातल्या कर्त्या बाईने लोणच्याच्या बरण्यांची काळजी घ्यावी तशी काळजी त्यात दारूसाठी घेतलेली दिसते.

आता 1804 सालाकडे येऊ. यशवंतराव होळकरांविरुद्ध इंग्रजांनी युद्ध पुकारले होते. सेनापती लेकने कर्नल मॉन्सनला पाच पलटणी आणि तोफा देऊन पुढे पाठवले. मॉन्सन मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून माळव्यात शिरला आणि जुलैच्या आरंभी त्याने भानपुऱ्याजवळचा हिंगलाजगड घेतला. पाऊस सुरू झालेला होता. एवढ्यात यशवंतराव चंबळ ओलांडून आपल्यावर येत असल्याची बातमी त्याला लागली आणि 8 जुलैला त्याने माघार सुरू केली. मागे राहिलेले त्याचे घोडदळ यशवंतरावांच्या स्वारांनी मोडून काढले. मुकुंदऱ्याला मॉन्सनने एक हल्ला परतवला, पण यशवंतरावांचे पायदळ आणि तोफा मागून येत आहेत हे कळताच तो तिथूनही निघाला. कोट्याच्या जालिमसिंहाने त्याला शहरात घेतले नाही. पुढे चिखलात तोफांची चाके इतकी रुतली की त्या निघेनात. शेवटी दारूगोळा नष्ट करून, तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या तिथेच टाकाव्या लागल्या. वाटेतले नदी-नाले तुडुंब, होड्या नाहीत, धान्य नाही. ऑगस्टच्या अखेरीस बनास नदीवर मोठी झुंज झाली. 31 ऑगस्टला त्या फौजेचे उरलेसुरले अवशेष आग्र्याला पोहोचले.

पंचांगाप्रमाणे पाहिले तर ही माघार आषाढ-श्रावणात झाली. ज्या काळात लष्करे छावणीत बसून दसऱ्याची वाट पाहायची, नेमक्या त्याच काळात यशवंतरावांनी पाठलाग चालू ठेवला. त्यांच्या स्वाराचे मुख्य हत्यार भाला आणि तलवार. पावसाने त्यांची धार जात नाही. कंपनीच्या पलटणीची सारी भिस्त मात्र चकमकीच्या बंदुकांच्या एकसाथ बारांवर आणि बैलांनी ओढायच्या तोफांवर. काळ्या मातीत आणि संततधारेत ही दोन्ही बळे लंगडी पडणारी. आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, या माघारीची मीमांसा केली, तेव्हा भर दिला तो धान्याच्या तजविजीवर आणि नद्या उतरायच्या साधनांवर. आपण या विजयाचे श्रेय केवळ यशवंतरावांच्या शौर्याला देतो. ते होतेच. पण माळव्याचा पाऊस कोणाला किती अडवतो याचे अचूक गणित त्यांच्याकडे होते, आणि त्याचा उल्लेख आपल्या भाषणांतून क्वचितच येतो.

पाऊस सरल्यावर पारडे फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात डीग आणि फर्रुखाबाद इथे कोरड्या जमिनीवर इंग्रजी तोफा-बंदुकांनी होळकरी फौजेला मोठे तडाखे दिले. यशवंतरावांनाही तोफेचे महत्त्व कळत होतेच. अखेरच्या वर्षांत भानपुऱ्याला ते स्वतः भट्ट्यांपाशी उभे राहून तोफा ओतवून घेत. 1811 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

इकडे हे चालू असताना तिकडे स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्साइथ नावाचा एक पाद्री पक्ष्यांच्या शिकारीला जात असे. चकमकीच्या बंदुकीची रंजक आधी भपकन पेटायची आणि तेवढ्यात पक्षी उडायचे. ओलसर हवेत तर ती पेटायचीच नाही. त्याने नुसत्या आघाताने पेट घेणारे रसायन वापरून नवा चाप तयार केला आणि 1807 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यातून 1820 च्या सुमारास तांब्याची टोपी रूढ झाली. बोटाच्या पेरावर मावणारी, आत रसायनाचा कण असलेली. बंदुकीच्या कानावरच्या छोट्या पोलादी नळीवर ती बसवायची. घोडा पडला की ठिणगी थेट आत. 1834 मध्ये वुलिच इथे दोन्ही प्रकारांची परीक्षा झाली, तेव्हा 6,000 बारांपैकी चकमकीचे 922 बार फुकट गेले, टोपीचे फक्त 36.

टोपीलाही ओलीचे भय होतेच. म्हणून आतल्या रसायनावर लाखेच्या वार्निशाचा थर देत, आणि लाख म्हणजे आपल्याच देशाचा माल. शिकारी लोक टोपी बसवल्यावर तिच्या कडेने मेण-चरबी चोपडत, चापावर कातड्याचे झाकण बांधत, नळीचे तोंड बुचाने बंद करत आणि उरलेल्या टोप्या घट्ट झाकणाच्या डबीत, अंगाशी ठेवत. आज्ञापत्रातले मेण इथे पुन्हा भेटते.

या टोपीने काय बदलले ते 1841 मध्ये दिसले. चीनमध्ये कँटनजवळ मे महिन्याच्या मुसळधार पावसात मद्रासी शिपायांची एक तुकडी वेढली गेली. त्यांच्या चकमकीच्या बंदुका उडेनात, संगिनींवरच त्यांनी निभाव धरला. त्यांना सोडवायला आलेल्या नौसैनिकांच्या बंदुका टोपीच्या होत्या आणि त्या त्याच पावसात उडाल्या. यशवंतरावांनी ज्या उणिवेचा फायदा घेतला होता, ती चाळीस वर्षांच्या आत बुजली.

तरी माळव्याची काळी माती मात्र टोपीला बधली नाही. 1857 च्या 1 जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि ड्युरंडला इंदूर सोडावे लागले. पुढे तो फौजेसह महूला आला, पण उरलेला पावसाळा तिथेच काढून ऑक्टोबरात धारवर निघाला. बंदूक पावसात उडत होती, पण गाड्या अजून रुतत होत्या.

आपल्यापैकी काही घरांत पणजोबांची ठासणीची बंदूक, दारूचे शिंग किंवा टोप्यांची पितळी डबी अजून असेल. शिकारीचे दिवस 1972 च्या कायद्याने संपले, आणि ते योग्यच झाले. पण या वस्तूंविषयी एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. जुनी बंदूक आतून भरलेली असू शकते आणि जुनी टोपी आघाताने उडू शकते. मुलांना गंमत म्हणून घोडा पाडून दाखवू नये. जाणकाराकडून ती तपासून घ्यावी, परवान्याची स्थितीही पाहावी. आणि घरात कोणी ज्येष्ठ असतील तर रंजक, तोडा, गज, शिंग ही नावे आणि त्या वस्तूंची हकीगत त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावी. यंदाच्या दसऱ्याला पाटावर त्या वस्तू मांडताना, सीमोल्लंघन पाऊस संपल्यावरच का, हे मुलांना सांगता येईल.