पगार घेऊन शिकलेले, कर्ज काढून शिकणारे

अमेरिकेत मानसशास्त्राची बीए पदवी घेताना कर्ज किती झाले आणि नंतर पगार किती मिळाला, हे हल्ली सरकारी तक्त्यांत चटकन पाहता येते. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून चार वर्षांत जास्तीत जास्त २७ हजार डॉलर कर्ज मिळते. दहा वर्षांची मुदत आणि पाच टक्के व्याज धरले, तर महिन्याचा हप्ता २८६ डॉलर पडतो. सुरुवातीचा पगार वर्षाला ४० हजारांच्या आसपास असेल, तर कर कापून हातात येणाऱ्या रकमेचा जवळजवळ दहावा हिस्सा हप्त्यातच जातो. हे आकडे दाखवून लोक सांगतात की विषय निवडतानाच चूक झाली. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञाच्या पेशात शिरायला किती शिकावे लागेल आणि त्या शिक्षणाचा खर्च कोण उचलेल, हे आजचे विद्यार्थी जन्मण्याआधीच ठरत गेले होते. आजची ओढाताण त्या निर्णयांतून आली आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मनाने खचलेल्या हजारो सैनिकांवर उपचार करायला माणसे नव्हती. माजी सैनिकांच्या खात्याने १९४६ मध्ये विद्यापीठांशी करार करून क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ घडवायला सुरुवात केली. हे विद्यार्थी खात्याच्या रुग्णालयांत अर्धवेळ काम करत आणि शिकता शिकताच पगार घेत. ऑगस्ट १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी ७३ जण दोन आठवडे बसले आणि क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाला पीएचडी हवी, असे त्यांनी ठरवले. रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. अर्धवट शिकलेल्याच्या हाती कुणी आपले मन का सोपवावे? पुढे राज्याराज्यांत परवान्याचे कायदे झाले. १९४५ मध्ये कनेक्टिकटपासून सुरू झालेली ही मालिका १९७७ मध्ये मिसूरीत पूर्ण झाली. बीए झालेल्याला स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून व्यवसाय करण्याची वाट बंद झाली. कॉलेजांनी मात्र बीएचे वर्ग वाढवतच नेले. १९७०-७१ मध्ये मानसशास्त्राच्या सुमारे ३८ हजार पदव्या दिल्या गेल्या, चाळीस वर्षांनी हा आकडा एक लाखावर गेला. आज या पदवीधरांत पाचांपैकी जवळपास चार मुली असतात.

शिक्षणाच्या पैशाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकाची वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी सरकारने भरली, आणि तेव्हा नामांकित विद्यापीठांची फीसुद्धा त्यात भागत असे. सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक उपग्रहाच्या धक्क्यानंतर १९५८ मध्ये केंद्र सरकारची विद्यार्थी-कर्जे आली. या कर्जांतले एक कलम आज आवर्जून आठवावे असे आहे. व्याज तीन टक्के होतेच, शिवाय कर्जदार सरकारी शाळेत शिक्षक झाला तर दरवर्षी दहा टक्के, असे करत निम्म्यापर्यंत कर्ज माफ होई. समाजाला हवे असलेले पण कमी पगाराचे काम पत्करणाऱ्याचा बोजा सरकार वाटून घेत होते. १९६५ नंतर बँकांच्या कर्जाला सरकार हमी देऊ लागले, आणि हळूहळू विद्यार्थ्याची सुटका अवघड होत गेली. १९७६ मध्ये दिवाळखोरीतून ही कर्जे बुडवण्यावर पाच वर्षांची अट आली, १९९० मध्ये ती सात वर्षांची झाली, आणि १९९८ मध्ये सरकारी कर्जांसाठी ती वाट जवळजवळ बुजली. २००६ पासून पुढच्या पदव्यांसाठी शिक्षणाच्या पूर्ण खर्चाएवढे कर्ज मिळू लागले. १९४६ चा विद्यार्थी ज्या पेशासाठी पगार घेऊन शिकला, त्याच पेशाच्या आशेने आजची विद्यार्थिनी दोनदा कर्ज काढते.

यावर आक्षेप येतो की बीएचे २७ हजार काही फार नाहीत, आणि मानसशास्त्राचे पदवीधर सरासरीने शाळेपर्यंतच शिकलेल्यांपेक्षा जास्तच कमावतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण या पदवीधरांपैकी निम्म्याच्या आसपास जण पुढे आणखी पदवी घेतात, त्यामुळे पहिले कर्ज हा त्यांच्या हिशेबाचा एक भागच असतो. दुसरा आक्षेप बाजाराचा: पगार कमी आहे, म्हणजे कामाला मागणी नाही. इथे इतिहास वेगळे सांगतो. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी ऑक्टोबर १९६३ मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठमोठी सरकारी मनोरुग्णालये रिकामी होत गेली आणि घरी परतलेल्या रुग्णांना औषधाची आठवण करणारी, राहायची सोय लावणारी, कचेरीतले अर्ज भरून देणारी माणसे लागू लागली. ही कामे अनेक ठिकाणी बीए झालेलेच करतात. केंद्रांची मिळकत बहुतांशी सरकारी अनुदान आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या दरांवर अवलंबून असते, म्हणून पगाराची मर्यादाही बरीचशी सरकारी दरानेच आखली जाते. मागणी भरपूर आहे, पैसे मोजणारा हात आखडता आहे.

२००७ च्या कायद्याने सार्वजनिक सेवेत दहा वर्षे, म्हणजे १२० हप्ते भरल्यावर उरलेले कर्ज माफ करण्याचे वचन दिले. २०१७ मध्ये पहिले अर्ज आले तेव्हा बहुतेक सगळे फेटाळले गेले, नियम पुढे सैल करावे लागले. जुलै २०२५ च्या कायद्याने आता ज्या अभ्यासक्रमाचे पदवीधर शाळेपर्यंत शिकलेल्यांपेक्षा कमी कमावतात, त्याची कर्जे बंद करण्याची तरतूद केली आहे. फसव्या अभ्यासक्रमांना त्याने आळा बसेल, आणि तो बसायलाच हवा. पण मनोरुग्णांच्या घरी जाणाऱ्या मुलीचा पगार त्याने वाढत नाही आणि तिचा हप्ताही कमी होत नाही. तिच्यासाठी १९५८ चेच कलम परत आणले पाहिजे: दहा वर्षे वाट पाहायला न लावता, कामाच्या प्रत्येक वर्षाअखेरीस कर्जाचा दहावा भाग माफ.