बंधपत्र, उसनवारी आणि रुपयाचा प्रश्न

मराठी चरित्रवाङ्मयात विद्यार्थिदशेतील दारिद्र्याला एक ठरलेली जागा आहे. रात्री धुऊन सकाळी पुन्हा अंगात घालायचा आगरकरांचा एकुलता एक सदरा, वार लावून जेवणारी मुले, माधुकरीची झोळी आणि लंडनच्या खोलीत रात्री पापड भाजून भूक मारणारे आंबेडकर. ही चित्रे आपल्या मनात इतकी पक्की बसली आहेत की त्यांत काय नाही हे सहसा ध्यानात येत नाही. त्यांत भूक असते, हिशेब नसतो. पैसे कोणाकडून घेतले, कोणत्या अटीवर घेतले, आधीचे देणे डोक्यावर असताना पुढच्या शिक्षणासाठी हात कसा पुढे केला, हे प्रश्न चरित्रकार ओलांडून जातो. भूक तपश्चर्येच्या भाषेत सहज मावते; कर्ज मावत नाही. कर्ज म्हटले की दुसरा माणूस आला, त्याची अट आली, मुदत आली आणि मिंधेपणाची शक्यताही आली.

डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत हा हिशेब बाजूला ठेवणे मला विशेष गैरसोयीचे वाटते. ज्या वर्षांत ते कर्ज काढून शिकत होते, त्याच वर्षांत ते पैसा म्हणजे काय या विषयावर प्रबंध लिहीत होते.

आरंभ १९१३ चा. वडील रामजी सुभेदार त्या वर्षी फेब्रुवारीत वारले. जूनमध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मंजूर झाली : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आपण तिला सरसकट ‘शिष्यवृत्ती’ म्हणतो; व्यवहारात तो करार होता. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असे लिहून देऊन त्यांनी त्यावर सही केली होती. त्या काळचा विनिमयदर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये, धरला तर महिन्याचे सुमारे एकशे बहात्तर रुपये होतात. मुंबईतल्या चाळीच्या मानाने ही रक्कम मोठी होती. पण न्यूयॉर्कमध्ये राहून, त्यातूनच घरी पैसे पाठवून आणि जुन्या बाजारातून पुस्तके घेऊन ती कितपत पुरली असेल याचा अंदाज करता येतो. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांच्या खोलीत एक पारशी तरुण राहत असे, नवल भथेना. या नावाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

१९१६ मध्ये आंबेडकर लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संस्थानने परत बोलावले. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली. म्हणजे ऑक्टोबर १९२१ पर्यंत. ते परत आले १९१७ च्या ऑगस्टमध्ये. ज्या बोटीने सामान आणि पुस्तके येत होती ती पाणतीराला बळी पडली होती. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे हाती आले त्यांतूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. ज्याचे देणे लागतो त्याच्या दारी पोचण्याचे भाडेसुद्धा बुडालेल्या पुस्तकांच्या किमतीतून यावे, या तपशिलावर अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

बडोद्यात काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. गावात दुसरी जागा मिळेना. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. काही आठवड्यांतच ते मुंबईला परतले. ही हकीकत आपण अस्पृश्यतेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण ती कराराच्या बाजूनेही वाचून पाहावी. ऋणको कराराप्रमाणे नोकरीवर रुजू झाला होता. दहा वर्षांची अट पुरी करणे त्याच्या हातात उरले नाही, कारण धनकोच्या राज्यात त्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळाली नाही. कागदावर मात्र करार मोडला तो ऋणकोने. जातिव्यवस्था माणसाला नुसते दरिद्री ठेवत नाही, त्याला थकबाकीदारही ठरवते, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

तेव्हा १९२० साली लंडन विद्यापीठाच्या दारात दुसऱ्यांदा उभा राहिलेला विद्यार्थी कोरी पाटी घेऊन आला नव्हता. मागे बडोद्याच्या बंधपत्राचा कागद होता. मधल्या काळात शिकवण्या करून पाहिल्या. रोखे व समभागांविषयी सल्ला देण्याचा धंदा काढून पाहिला, पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात साडेचारशे रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील बिऱ्हाड मात्र बदलले नाही. पगारातला ठरावीक भाग रमाबाईंच्या हाती संसारासाठी आणि उरलेला लंडनसाठी बाजूला, अशी ती व्यवस्था होती. काटकसर हा शब्द आपण फार सैल वापरतो. साडेचारशे रुपये मिळवणाऱ्या प्राध्यापकाने चाळीत राहणे ही गरिबी नव्हे. तो योजलेला खर्च होता, आणि त्याचा मोठा भाग रमाबाईंनी उचलला. चरित्रांत त्यांच्या वाट्याला सोशिकपणाची विशेषणे येतात. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर लंडनच्या शिक्षणातील त्या भागीदार होत्या आणि त्यांची रक्कम कुठल्याच वहीत मांडलेली नाही.

मार्च १९२० मध्ये राजीनामा, जुलैमध्ये प्रयाण. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, अशी बेरीज जुळली होती.

येथे थोडे शिलिंग-पेन्सांत शिरावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सांचा शिलिंग. १८९८ नंतर बराच काळ रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर बांधलेला होता. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, आणि १९१७ पासून रुपयाचा दर पायरीपायरीने चढवावा लागला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपया सोन्याच्या दोन शिलिंगांवर बांधावा अशी शिफारस केली. समितीतील एकमेव भारतीय सदस्य दादिबा दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जुन्याच दराचा आग्रह धरला होता. फेब्रुवारी १९२० मध्ये प्रत्यक्ष बाजारात रुपया अडीच शिलिंगांच्याही वर गेला. मग तो घसरू लागला. सरकारने लंडनमध्ये पौंड विकून दर सावरण्याचा खटाटोप केला आणि सप्टेंबरच्या अखेरीस तो सोडून दिला. १९२१ मध्ये रुपया एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली होता.

आता हे आकडे परळच्या चाळीत नेऊन पाहू. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सांच्या दराने तीनशे तेहतीस. किती रक्कम कोणत्या दिवशी बदलली गेली याचा तपशील घटकाभर बाजूला ठेवू. जे रुपये मुंबईत उरले होते किंवा मागाहून यायचे होते, त्यांची लंडनमधील किंमत वर्षभरात एक-तृतीयांशाने उतरली. कर्ज मात्र पाच हजारांचे पाच हजारच. लंडनमधील त्या दिवसांचे वर्णन कीरांनी केले आहे : सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा पेला, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, दुपारचे जेवण नाही, रात्री भाजलेले पापड. या भुकेला विनिमयदराचीही एक बाजू होती, हे ध्यानात घेऊन तो उतारा पुन्हा वाचावा.

हा माझा तर्क नव्हे. खुद्द विद्यार्थ्याने ते लिहून ठेवले आहे. ४ सप्टेंबर १९२१ रोजी आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिले. रुपयाची किंमत घसरल्यामुळे आपण अडचणीत आलो आहोत, बॅरिस्टरीचे शुल्क आणि परतीचा प्रवास यांसाठी दोनशे पौंड हवेत, असा त्याचा आशय. दोन शिलिंगांच्या दराने या रकमेला दोन हजार रुपये पडले असते. आता तीन हजारांहून अधिक पडणार होते. पण मला महत्त्वाचे वाटते ते मागण्याचे रूप. ज्या राजाने बहुधा देणगी म्हणूनच पैसे दिले असते, त्याच्याकडे हा विद्यार्थी कर्ज मागतो आणि परत आल्यावर व्याजासह फेडीन असे लिहितो. भथेनांना लिहिलेल्या पत्रांतही वारंवार तसदी देत असल्याची खंत आहे. मात्र याचना नाही. बडोद्याच्या अनुभवानंतर या माणसाने कर्जाचा धसका घेतला असता तर नवल नव्हते. त्याने उलट केले. उपकार आणि कर्ज यांतली रेषा त्याने अधिकच ठळक ठेवली. ज्या समाजाला शतकानुशतके उष्टे, उतरलेले आणि ‘दिलेले’ घ्यावे लागले, त्या समाजातील माणसाच्या दृष्टीने व्याज देऊ करणे हा बरोबरीचा दावा होता, असे मला वाटते.

आणि प्रबंधाचा विषय होता रुपया. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ साहित्याचे विद्यार्थी उघडत नाहीत, उघडावा. त्याचा मुख्य रोख असा की रुपया परदेशात किती पेन्सांना विकला जातो यावर सरकारचे सारे लक्ष लागले आहे, खरा प्रश्न तो देशात काय विकत घेऊ शकतो हा आहे. रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा नसेल तर विनिमयदर बांधून काही साधत नाही. उतरत्या रुपयाने निर्यातीला चालना मिळते हे खरे; पण तो नफा आकाशातून पडत नाही. किमती चढतात, मजुरी मागे रेंगाळते, आणि निर्यातदाराच्या पदरात पडते ते मजुराच्या ताटातून गेलेले असते. वैयक्तिक ओढाताणीतून हा सिद्धान्त जन्मला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे १८३५ पासूनच्या चलनव्यवस्थेची कसून केलेली छाननी आहे. तरीही, चलन घसरले की ते कोणाच्या ताटातून जाते हा प्रश्न सुचण्यासाठी ज्या जागी बसावे लागते, त्या जागी हा लेखक बसला होता. प्रबंधात ‘मी’ कुठेही नाही. पापड नाही, परळ नाही. गद्य कोरडे, वकिली आणि अधूनमधून खवचट आहे.

प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांनी फेरबदल सुचवले. लंडनमध्ये राहून ते करण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, तेथे प्रबंध सुधारला आणि ऑगस्टमध्ये पाठवून दिला. नोव्हेंबरमध्ये डी.एस्सी. मिळाली. डिसेंबरात पुस्तक निघाले, कॅननच्या प्रस्तावनेसह. बऱ्याच मुद्द्यांवर आपले लेखकाशी पटत नाही, असे कॅननने तीत मोकळेपणाने लिहिले आहे. वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. ते नवल भथेनांनी दिले.

डिसेंबर १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. विनिमयदर खाली ठेवल्याने लाभ होतो तो देशाचा नव्हे, एका वर्गाचा, असे त्यांनी तेथे सांगितले. तेव्हा ते परळच्या त्याच चाळीत राहत होते आणि वकिलीचे उत्पन्न पुरत नसल्यामुळे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवीत होते.