घोट्याच्या अस्थिभंगातील स्क्रू-जोडणी

घोट्याजवळ मोडलेल्या हाडांचे सरकलेले तुकडे मूळ जागी बसवून धातूच्या स्क्रूंनी घट्ट धरून ठेवणारी शस्त्रक्रिया. आतला घोटा हे नडगीच्या हाडाचे टोक, तर बाहेरचा घोटा शेजारच्या बारीक हाडाचे. दोहोंच्या बेचक्यात टेलस हे हाड चपखल बसते. हे टेलस बाहेरच्या अंगाला १ मिमी सरकले, तरी सांध्यातील स्पर्शक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते, असे रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये दाखवले. म्हणून इथे ‘जवळपास जुळले’ एवढ्यावर भागत नाही.

आतल्या घोट्यासाठी बहुधा ४ मिमी जाडीचे दोन स्क्रू वापरतात. त्यांना आटे फक्त टोकाकडे असतात. ते पलीकडच्या हाडात रुततात, मधला गुळगुळीत दांडा मोडलेल्या तुकड्यातून मोकळा जातो आणि स्क्रू पिळत जाऊ तसतसे त्याचे डोके त्या तुकड्याला ओढून फटीवर दाबते. दुसरा स्क्रू तुकडा फिरू नये यासाठी. बाहेरच्या घोट्याला सहसा पातळ पट्टीचीही जोड लागते. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ या शल्यचिकित्सकांच्या गटाने ही पद्धत शास्त्रशुद्ध करून जगभर रुजवली.

उत्तर कन्नडातील जोयडा तालुक्यात मात्र खरी कसोटी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची असते. काळी नदीच्या खोऱ्यातला हा डोंगराळ, जंगलाने वेढलेला तालुका. मोठे रुग्णालय गाठायचे तर अणशी घाट उतरून कारवार, रामनगर-खानापूरमार्गे बेळगाव किंवा अनमोड घाटातून गोव्याचे बांबोळी. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटांवर पाय घसरतो तोही याच दिवसांत आणि घाटात दरडीची धास्ती असते तीही याच दिवसांत.

या प्रवासातले तास फार मोलाचे. घोटा निखळून वाकडा झाला असेल, तर हाडावर ताणलेली कातडी पांढरी पडते आणि वेळ गेल्यास मरते. म्हणून जवळच्या दवाखान्यातच डॉक्टरांनी तो सरळ करून आधारपट्टी बांधणे आणि पाय उंच ठेवणे अत्यावश्यक. बोटांचा रंग व संवेदना पाहत राहावे. जखम उघडी असेल, तर ती स्वच्छ कापडाने झाकून प्रतिजैविक लवकर सुरू व्हायला हवे. मुरगळला असेल म्हणून चोळत बसणे घातक: घोट्याच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

सूज चढून फोड आले, की शल्यचिकित्सकाला कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत थांबावे लागते. कधी आठवडा, कधी त्याहून अधिक. सुजेवर घातलेली चीर भरून येत नाही, जंतुसंसर्गाची भीती वाढते. मधुमेह्यांत ही जोखीम आणखी मोठी.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे पायावर भार टाकू देत नाहीत. उकिडवे बसणे, चिखलात उतरणे त्याहूनही लांबते. त्रास होत नसेल, तर आतल्या घोट्याचे स्क्रू आयुष्यभर तसेच ठेवतात. नडगीचे हाड आणि शेजारचे बारीक हाड एकत्र बांधून ठेवणारा आडवा स्क्रू घातला असेल, तर तो काही वेळा तीनेक महिन्यांनी काढतात.